नोव्हेंबरात वर्गात येणारं मूल: गरिबीतल्या मुलांना शिकवायची तयारी म्हणजे नेमकं काय?

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमच्या सांगली-सातारा भागात शिक्षकांच्या घरोघरी टीईटीची पुस्तकं उघडली गेली. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, अशा नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, असा तो निकाल. पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं पोरांबरोबर बसून पाठांतर करताना मी पाहतो आहे.

माझी भाची वाळवा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती टीईटी कधीच पास झाली आहे. दिवाळीनंतर घरी आली होती, तेव्हा म्हणाली, "मामा, बालमानसशास्त्रात मला तीसपैकी सव्वीस होते. पण नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली तीन पोरं समोर बसलीत, आणि सुरुवात कुठनं करायची ते मला कळंना झालंय."

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. तिला त्या दिवशी तुटक उत्तर दिलं. ते नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

परीक्षा काय तपासते, काय तपासत नाही

टीईटीच्या पहिल्या पेपरात 150 प्रश्न, 150 गुण. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. मी या परीक्षेच्या विरोधात नाही. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्यानं ते शिकवू नयेत. वंचित मुलांवरही त्यात एखाददुसरा प्रश्न असतो. पण खाली चार पर्याय दिलेले असतात, आणि "प्रेमानं समजून घ्याल" हा पर्याय बरोबर असणार हे न वाचताही ओळखता येतं. समजून घ्यायचं म्हणजे काय करायचं, हे त्या चौकटीत मावत नाही. खरं काम तिथंच सुरू होतं.

गरिबी म्हणजे फक्त पैसे नसणं नव्हे

आपण गरिबी पैशात मोजतो. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर तिचा जड भाग वेगळाच असतो: उद्या काय, याचा भरवसा नसणं. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, जतकडून कृष्णाकाठी उतरते. पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. हंगाम संपला की सगळं गुंडाळून टोळी परत जाते. मधेच फड संपला तर दुसऱ्या गावाला हलते, आणि कधी हलणार ते मुलाला कुणी आधी सांगत नाही. आटपाडी, माण, खटावकडचा मेंढपाळ चारा संपला की कळप घेऊन खाली उतरतो, त्याच्या मुलाचंही असंच. शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीचं घर भाड्यावर हलतं. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या पूरपट्ट्यातल्या कित्येक घरांतली वह्या-पुस्तकं एका रात्रीत गेली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी ती आठवड्यात परत आणली.

म्हणून "गरीब मूल" असा मुलांचा काही वेगळा प्रकार नसतो. मूल इतर मुलांसारखंच असतं, ते ज्या परिस्थितीत राहतं ती वेगळी असते. हा फरक नीट धरला तर पुढचं सगळं सोपं जातं.

डोक्यातला ओटा

स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांसमोर आणा. जागा ठरलेली. त्यावर आधीच दुधाचं पातेलं, पिठाचा डबा, न विसळलेली भांडी मांडलेली असतील तर परात कुठं ठेवणार? अशा वेळी बाईला भाकरी येत नाही असं आपण म्हणत नाही. ओट्यावर जागा नाही म्हणतो.

डोक्यातही असा एक ओटा असतो. हातातलं काम होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी तेवढ्यापुरत्या त्यावर मांडलेल्या असतात. मानसशास्त्रात त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. 43 मधून 17 वजा करताना तीनमधून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सोडवायचा, आणि तो सोडवल्याचं लक्षातही ठेवायचं. हे सगळं या ओट्यावर चालतं. आता त्याच ओट्यावर आईचा ताप आहे, कोपीत एकटं ठेवलेलं धाकटं भावंड आहे, टोळी उद्या हलणार का हा प्रश्न आहे. सुटलेला दशक ठेवायला जागा उरत नाही. शिक्षकाला मात्र दिसते ती चुकलेली वजाबाकी.

याचा एक अभ्यास नेमका उसाच्या पट्ट्यातलाच आहे. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. संशोधकांनी तमिळनाडूतले ऊस उत्पादक शेतकरी घेतले. ऊसवाल्याच्या हातात पैसा वर्षातून एकदाच येतो, आणि तोड कधी येणार ते कारखान्याच्या हाती असतं. आपल्याकडे तोडीच्या पाळीपत्रकाची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या तोडीआधी, हात आखडलेला असताना, आणि बिल मिळाल्यावर घेतल्या. माणसं तीच असून तोडीआधीची कामगिरी कमी भरली. या प्रयोगाच्या आकडेमोडीवर पुढं अभ्यासकांत वाद झाले, म्हणून त्या एकाच अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण काळजी डोक्यातली जागा खाते, हे आपल्यापैकी प्रत्येकानं घरात कुणी दवाखान्यात असताना अनुभवलेलं आहे.

मला हे उशिरा कळलं. शिक्षक असताना माझ्या वर्गात टोळीतली एक मुलगी तिसऱ्या तासाला रोज पेंगायची. एक दिवस मी तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "रात्री काय करतीस गं?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी मी कोप्यांवर गेलो. बाप बैलगाडी घेऊन रात्रभर कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसायचा, आई पहाटे चारला फडात जायची, आणि नऊ महिन्यांचं पोर हिच्या मांडीवर असायचं. माझ्या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं. चाळीस पोरांसमोर ते सांगायची तिला लाज वाटली होती. तो प्रश्न मी विचारायला नको होता, हे मला आजही लागून राहिलं आहे.

अशा वर्गात ओटा मोकळा करणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. एका वेळी एकच सूचना द्यायची. गणिताच्या पायऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायच्या, म्हणजे त्या डोक्यात धरून ठेवाव्या लागत नाहीत. रोजचा क्रम तोच ठेवायचा, म्हणजे दिवसातली एक तरी गोष्ट ठरल्याप्रमाणे होते. शिकणं गृहपाठावर टांगून ठेवायचं नाही, कारण कोपीत दिवाही नसतो आणि टेबलही नसतं. शाळेतल्या पोषण आहाराकडं शिकवण्याचाच भाग म्हणून बघायचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. पोट रिकामं असेल तर अवघड गणित त्या जेवणानंतर घेण्यात शहाणपण आहे.

हिशोब येतो, गणित येत नाही

आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात बापाबरोबर उभं असलेलं दहा वर्षांचं पोर बघा. किती जनावरं विकली, कितीला, दलालाचे किती गेले, हातात किती राहिले, हे ते तोंडानं सांगतं. तेच पोर सोमवारी शाळेत तीन अंकी वजाबाकीपुढं गप्प बसतं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत तपासली. 2025 च्या फेब्रुवारीत ते संशोधन 'नेचर'मध्ये आलं. बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाला अवघड हिशोब झटक्यात करून देत होती, पण तेवढंच गणित पुस्तकी पद्धतीनं मांडलं की अडत होती. उलट, शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची गणितं बरी करत होती आणि बाजारातल्या हिशोबात मागं पडत होती. म्हणजे दोघांकडंही अर्धं अर्धं होतं. मधला पूल कुणी बांधला नव्हता.

पूल बांधणं हे शिकवण्यातलं कौशल्य आहे, ते नुसत्या मायेनं येत नाही. टोळीतल्या मुलाला टन, भाव, उचलीतून वळती झालेली रक्कम हे शब्द पाठ असतात. दोघांनी मिळून दोन टन ऊस तोडला, भाव अमुक, तर किती झाले, इथून सुरुवात केली की गुणाकार त्याच्या ओळखीचा होतो. मग तो तोंडी हिशोब त्याच्याच समोर खडूनं मांडायचा आणि दाखवायचं की बघ, तू आत्ता केलंस ते आम्ही असं लिहितो. मुलाला काय येत नाही याची यादी कुठलाही शिक्षक पाच मिनिटांत करतो. त्याला काय येतं ते शोधायला आठवडा लागतो, आणि ते कसं शोधायचं हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

उणिवेची नजर

"घरचं वातावरणच नाही हो", "यांच्यात शिकायची आवडच नसते." हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले आहेत, सुरुवातीची काही वर्षं स्वतःही वापरले आहेत. मूल का अडलं याचं कारण मुलात आणि त्याच्या घरात शोधायचं, वर्गात शोधायचं नाही, अशा पाहण्याला मी उणिवेची नजर म्हणतो. यामागं दुष्टपणा असतोच असं नाही. पण तिचा परिणाम मोजता येतो.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातीची मुलं सारखीच ठरली. सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव आणि जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तशीच होती आणि मुलंही त्याच भागातली. खोलीत बदललं होतं ते एवढंच.

आता आपल्या वर्गात या. "शिष्यवृत्तीची मुलं उभी राहा." "मोफत गणवेशाची यादी वाचतो, हात वर करा." वर्षानुवर्षं हे चालत आलं आहे, आणि करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या दोन मिनिटांत आपण तोच प्रयोग वर्गात करत असतो. यादी वाचायची नाही, फॉर्म घडी घालून हातात द्यायचा. याला निधी लागत नाही की शासन निर्णय लागत नाही.

"समजत नाही" आणि "आपली बोली नाही"

जतच्या सीमाभागात घरात कन्नड आणि शाळेत मराठी असलेली मुलं आहेत. टोळ्यांमध्ये बंजारा बोली बोलणारी घरं असतात. असं मूल गप्प बसलं की आपण त्याला मठ्ठ ठरवतो. त्याच्या बोलीतले वीस-तीस शब्द शिक्षकानं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि चुकतमाकत वर्गात वापरले, तर मूल दुरुस्त करायला म्हणून तरी तोंड उघडतं. तिथून बोलणं सुरू होतं.

हे खूळ नवं नाही, ते इथलंच आहे

अशा तयारीच्या गोष्टी कुठून तरी बाहेरून आलेल्या वाटतात. साताऱ्यात तरी तसं वाटायचं कारण नाही. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म 1831 चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. आपण त्यांच्यावर फेकलेल्या शेणाची आठवण काढतो, पण त्यांनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं हे विसरतो. अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडं आणि पुण्यात मिचेलबाईंकडं त्यांनी ते घेतलं. धैर्याच्या जोडीला कसब लागतं, हे त्यांना तेव्हा पटलेलं होतं.

जोतिरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 1882 साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून घडवलेले असावेत. कारण असा शिक्षक त्या मुलांत मोकळेपणानं मिसळेल आणि त्यांच्या गरजा त्याला कळतील. पगार किती असावा हेही त्यांनी आकड्यात सांगितलं: निदान 12 रुपये. शिक्षकाला मुलाचं घर कळलं पाहिजे, त्याला शिकवता आलं पाहिजे आणि त्याचं पोटही भरलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आज आपण त्या सुट्या करून भांडतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू लागली. याच माणसानं 1935 साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. खेड्यातल्या गरिबाच्या पोरासाठी शाळा काढायची तर आधी त्याला ओळखणारा शिक्षक घडवायला हवा, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी कृतीत आणलं होतं.

मग तयारी कशी करायची?

कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवताना कुणी आधी तीन दिवस व्याख्यान देत नाही. शिकवणारा स्वतः पाण्यात उतरतो, पोटाखाली हात धरतो, थोड्या वेळानं काढून घेतो. आमच्या बहुतेक प्रशिक्षणांमध्ये हॉल असतो, पडद्यावर चित्रं असतात, दुपारचं जेवण असतं आणि सही असते. पाण्यात कुणी उतरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. पन्नास तास थोडे नव्हेत. ते हॉलमध्ये घालवायचे की वर्गात, एवढाच प्रश्न आहे.

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या दोन वर्षांत विद्यार्थी-शिक्षक शाळेत सरावाला जातात. त्यातला काही काळ हंगामात, टोळी असलेल्या गावात असावा. एकाच मुलाबरोबर महिनाभर राहून त्याला काय येतं याची नोंद लिहायची, त्याच्या कोपीवर चार वेळा जायचं, आणि ती नोंद वर्गात सगळ्यांसमोर मांडून चर्चा करायची. कोपीवर जाताना वही-पेन पुढं करून चौकशी करायची नाही, चहा घ्यायचा आणि ऐकायचं. हेही शिकावं लागतं.

नोकरीतल्या शिक्षकांसाठी उदाहरण आपल्या दारातच आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे शाळांचा एक गट). तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी मुलांना हातानं करत, एकमेकांशी बोलत शिकू द्यायची पद्धत अंगीकारली आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला येऊ लागले. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की शिक्षक शिक्षकाकडून शिकत होता, चालू वर्गात बसून. पुढं अनेक गावांत फक्त फरशीवरची रंगीत चित्रं रंगवली गेली आणि बघणं-बोलणं राहून गेलं, याचं मला वाईट वाटतं. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एका शाळेनं आपलं एक अडलेलं मूल मांडावं आणि बाकीच्यांनी तेवढ्याच मुलावर बोलावं. माझ्या केंद्रात आम्ही हे काही वर्षं केलं. आधी लोक फक्त यशाच्या गोष्टी सांगायचे. पहिल्यांदा एका बाईंनी "मला हे जमलं नाही" असं म्हटलं, त्या दिवशी परिषद दोन तास लांबली आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही.

"शिक्षकानं शिकवायचं की समाजसेवा करायची?"

हा प्रश्न रास्त आहे. शिक्षक मुलाची उचल फेडू शकत नाही, त्याच्या आईचं औषध आणू शकत नाही. त्यानं ते करावं अशी अपेक्षाही नाही. परिस्थिती ओळखून शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे. डॉक्टर औषध देण्याआधी रुग्ण काय खातो ते विचारतो, तेव्हा तो समाजसेवा करत नसतो, डॉक्टरकीच करत असतो.

"अशानं अपेक्षा कमी होतील, लाड होतील"

ही भीती मला स्वतःला वाटते, आणि ती खरी ठरताना पाहिली आहे. "जाऊ दे, एवढं आलं तरी पुष्कळ" हे दयेनं म्हटलं तरी तीही उणिवेचीच नजर आहे. टोळीतल्या मुलालाही भागाकार आलाच पाहिजे. वाट वेगळी असेल, वेळ वेगळा लागेल, पण पोहोचायचं तिथंच. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. त्याला वेगळं बसवणाऱ्या व्यवस्थेनं त्याच्याकडून काय अपेक्षा केली असेल? तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

"गरिबी हटल्याशिवाय शिकवून काय होणार?"

ऊसतोड मजुराच्या मजुरीचा, मुकादमीचा, पाण्याचा प्रश्न शाळा सोडवू शकत नाही. ते सरकारचं आणि समाजाचं काम आहे, आणि शिक्षकाच्या माथी मारून त्यातून कुणी सुटू नये. पण गरिबी हटेपर्यंत दुसरीतलं मूल दुसरीत थांबत नाही.

"वेळ कुठाय?"

या आक्षेपाला माझ्याकडं उत्तर नाही, पाठिंबा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलं आहे. आणि तरी दोन शिक्षक चार वर्ग सांभाळून दुपारी ऑनलाइन माहिती भरत असतात. याच कायद्यानं वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला आहे. तो द्यायला माणूस आणि वेळ लागतो. हे दोन्ही न देता शिक्षकाकडं बोट दाखवणं अन्याय आहे.

भाचीनं काय केलं

ती तीन पोरं मार्चपर्यंत तिच्या वर्गात होती. टोळी निघाली तेव्हा तिनं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर ते जातं, म्हणजे पुढच्या शाळेत त्याचं शिकणं तुटू नये. छापील रकाने भरून झाल्यावर तिनं प्रत्येकाला एक वेगळा कागद जोडला. त्यातला एक तिनं मला दाखवला. पेननं लिहिलं होतं: "टनाचा हिशोब तोंडी करतो, तिथून सुरू करा. गुणाकार मांडता येतो. दशक सोडवून वजाबाकी अर्धी झाली आहे. जोडाक्षरं वाचताना थांबतो, घाई करू नका. धाकट्या बहिणीला बरोबर आणतो, तिला बसू द्या."